मक्त्याची गाडी

भाचीने मोबाइलवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, ही ऑफर रास्त आहे का ते वाचून सांग. शनिवारी सही करायची आहे."

पहिल्या पानावर राखाडी रंगाची, विजेवर चालणारी एक आलिशान गाडी समुद्राकडे तोंड करून उभी होती. आसपास माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं, रस्ताही नव्हता. ती तिथवर पोचली कशी, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की अशी गाडी विकत घ्यायची नसते, अनुभवायची असते. तिसऱ्या पानावर महिन्याचा आकडा होता. तो लाखाच्या आत होता, पण लाखाला खेटून बसलेला होता.

मी वसमतला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी नात्यागोत्यात माझी एक नेमणूक अजून चालू आहे. छापलेलं शेवटपर्यंत वाचणारा माणूस अशी ती नेमणूक. विम्याची पॉलिसी, प्लॉटचा करार, मंगल कार्यालयाच्या पावतीमागचे नियम, सगळं वाचायला माझ्याकडे येतं. लोकांना वाटतं मी मदत करतो. खरं तर मला मजा येते. मोठ्या अक्षरात दिलेलं वचन बारीक अक्षरात कुठे मागे घेतलंय ते हुडकणं हा माझा एकुलता एक छंद. पत्ते मला येत नाहीत.

त्यामुळे पीडीएफ उघडताना मी खुशीत होतो. ऑफर लबाडीची असणार याबद्दल मला शंका नव्हती. लबाडी कितव्या पानावर आहे एवढंच बघायचं होतं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी रोग्याला झोपवायचं, ऑपरेशनभर त्याचा श्वास सांभाळायचा आणि नंतर त्याला जागं करायचं, हे तिचं काम. आमच्या भागात एकाच दवाखान्यात बसून भूलतज्ज्ञाचं भागत नाही. म्हणून ती सकाळी वसमतला असते, दुपारी हिंगोलीला आणि कधी तिथूनच डोंगरकडा गावावरून नांदेडला. रोगी बरा झाला की सर्जनच्या पाया पडतो. भूल देणारी बाई त्याला आठवत नाही, कारण तिची-त्याची भेट होते तेव्हा तो झोपायच्या बेतात असतो. भाचीला याचं काही वाटत नाही. "रोग्याला मी आठवत नाही म्हणजे माझं काम बराबर झालं," असं ती म्हणते.

ती फिरायची ती गाडी तिने एका बिल्डरकडून घेतली होती. तिच्या डाव्या दाराची काच वर राहावी म्हणून त्यात पुठ्ठ्याची घडी खोचलेली असायची आणि उन्हाळ्यात आतून तंबाखूचा वास उठायचा. बिल्डर सोडून गेला होता, सवय गाडीत राहिली होती.

मी तिला फोन केला आणि जरा वडीलधाऱ्या आवाजात विचारलं, "एवढी मोठी गाडी कशाला गं? दवाखाने तेच, रस्ते तेच."

ती म्हणाली, "मामा, माझी सगळी पुस्तकं दुसऱ्याची होती. सीनियर मुलींची. त्यांनी जिथं रेघ मारली तेवढंच महत्त्वाचं, असं समजून मी वाचत आले. स्टेथोस्कोप दुसऱ्याचा, अ‍ॅप्रन दुसऱ्याचा, खोलीतला फ्रिजसुद्धा दुसऱ्याचा. आता तरी एक वस्तू पाहिजे जिला आधी कुणी हात लावलेला नाही."

त्यातली बरीच पुस्तकं मीच मिळवून दिली होती, आणि रेघा मीही बघितल्या होत्या.

मग मी वाचायला बसलो. व्यवहार असा होता: गाडी तीन वर्षं वापरायची, दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, तीन वर्षांनी गाडी कंपनीला परत करायची. विमा, सर्व्हिसिंग, रस्ता कर हे सगळं त्या रकमेतच. सुरुवातीला एक अनामत, ती शेवटी परत. मी गणित मांडलं. तीन वर्षांत भाची गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त भरणार होती आणि शेवटी तिच्या हातात काही उरणार नव्हतं. इथे मला वाटलं, सापडलं. पण मग उलटं गणित केलं. कर्ज काढून तीच गाडी घेतली असती, तर व्याज, विमा आणि देखभाल धरून ती बरंच जास्त भरणार होती, आणि तीन वर्षांनी तिच्या हातात एक जुनी विजेची गाडी असणार होती. जुन्या विजेच्या गाडीला तीन वर्षांनी काय भाव येईल हे कुणालाच माहीत नाही. बॅटरी मोबाइलसारखी दमते की बैलासारखी, यावरच तज्ज्ञांचं एकमत नाही. ती जोखीम कंपनीने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

बारीक अक्षरं मी दोनदा वाचली. वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या वर गेलं की प्रत्येक किलोमीटरला जादा पैसे, आणि भाची त्या मर्यादेच्या बरीच पुढे जाणार हे उघड होतं. पण जास्त किलोमीटरचा वेगळा दरही त्याच पानावर सरळ लिहिलेला होता. मुदतीआधी गाडी परत केली तर दंड होता. तोही लपवलेला नव्हता. परत देताना गाडीला कोणत्या लांबीपर्यंतचा ओरखडा चालेल याचं चित्रसुद्धा होतं.

संध्याकाळी मी मान्य केलं की ऑफर वाईट नाही. गाडी महाग होती, दिखाऊ होती, आणि तिच्या माहितीपत्रकातल्या भाषेबद्दल कुणाला तरी दंड व्हायला हवा होता. पण सौदा रास्त होता. मला एवढी निराशा क्वचितच आली असेल.

दोन दिवसांनी शोरूमचा मुलगा चालवून बघायला गाडी घेऊन वसमतला आला. संभाजीनगरहून एवढ्या लांब आला म्हणून भाचीने त्याला आधी पोहे खायला घातले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पंचविशीचा. त्याची मराठी निम्मी इंग्रजीत होती आणि ती त्याला जड जात होती.

आम्ही निघालो. भाची चालवत होती, तो तिच्या शेजारी, मी मागे. हळदीचा हंगाम होता. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरची रांग लागलेली, आणि गाडीचा आवाज नसल्यामुळे कुणी बाजूला होत नव्हतं. एका ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं आणि तो दचकलाच.

"बंद पडली का गाडी?" त्याने विचारलं.

"चालू हाय," भाचीने काच खाली करून सांगितलं.

"मंग आवाज कुठं गेला?"

मी अशा दिमाखाकडे आयुष्यभर नाक मुरडत आलो. म्हणून इथे प्रामाणिकपणे नोंदवतो की मागची सीट फार चांगली होती. माझे गुडघे कोणत्याही वाहनात पाच मिनिटांत तक्रार करतात. त्या दिवशी ते हळद यार्ड ओलांडून, रेल्वे फाटक ओलांडून गप्प होते. आरशात मला भाचीचा चेहरा दिसत होता. ती हसत नव्हती. ऑपरेशन चालू असताना ती जशी दिसत असेल तशी दिसत होती, पूर्ण तिथेच असलेली.

शोरूमचा मुलगा मागे वळून मला म्हणाला, "सर, ओनरशिप ही जुनी कन्सेप्ट झाली. आता जमाना युसेजचा आहे."

मी म्हटलं, "तुमची मोटरसायकल आहे?"

"आहे ना सर."

"लीजवर?"

"नाही, हप्त्यावर. पुढच्या दिवाळीला फिटते."

"मग जमाना युसेजचा आहे ना? लीजवर का नाही घेतली?"

तो हसला, आणि हसताना त्याची भाषा सुटली. "सर, मी औंढ्याकडच्या तांड्यावरचा हाय. आमच्याकडं गाडी यायला कारण लागत न्हाई, जायला लागतं. दारातून कंपनीच्या माणसानं गाडी नेली म्हणजे हप्ते थकले. दुसरा अर्थच न्हाई. मागल्या साली आमच्या चुलत्याचं ट्रॅक्टर नेलं. पैसे भरून चुलत्यानं परत बी आणलं. पण तांड्यावर आजबी सांगत्यात, ट्रॅक्टर उचललं होतं म्हणून." मग त्याला नोकरी आठवली. "पण मॅडमचं तसं नाही सर. मॅडम टाउनमध्ये राहतात."

भाचीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मॅडम वसमतला भाड्याच्या घरात राहत होत्या हे खरं. पण मॅडमचं घर हट्टा गावात होतं, आणि हट्ट्याला मॅडमचे वडील होते.

माझे मेव्हणे, ज्यांना मी दाजी म्हणतो, ते हट्ट्याला शेती करतात. त्यांच्या शेताची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती जमीन आधी गायरान होती, म्हणजे गुरं चारायची सरकारी पड. दाजींच्या वडिलांनी आणि वस्तीतल्या काही बौद्ध घरांनी ती नांगरली. त्यांना हुसकावलं गेलं, पिकात गुरं सोडली गेली, दोनदा लॉकअप झालं. दरवर्षी ते पुन्हा पेरायला जायचे. पीक यायचं की नाही हा नंतरचा प्रश्न, पेरा चुकवायचा नाही. दंडाची पावतीसुद्धा ते जपून ठेवायचे, कारण दंड झाला म्हणजे आपण तिथे होतो याचा तो सरकारी पुरावा. खूप वर्षांनी सरकारचा निर्णय आला, सातबाऱ्यावर नाव लागलं. दाजी तेव्हा तरुण होते. त्यातून ते एक गोष्ट शिकले: ताबा सोडायचा नाही, कागद जपायचा, वस्तू एक दिवस तुमची होते.

भाचीने त्यांना फोनवर सांगितलं होतं की गाडी लीजवर घेते आहे, म्हणजे मक्त्यासारखी. दाजींना मक्ता पक्का ठाऊक होता. वर्षाचे ठरावीक पैसे देऊन दुसऱ्याचं शेत करायला घ्यायचं, तो मक्ता. आणि आमच्याकडे शहाणा जमीनमालक एकाच माणसाला सलग शेत मक्त्याने देत नाही. दर साल माणूस बदलतो, कारण जास्त दिवस एकाच्या हातात राहिलं तर तो हक्क सांगेल ही धास्ती. दाजींनी या दोन गोष्टी एकत्र केल्या आणि निष्कर्ष काढला: सलग तीन साल ताबा राहिला की गाडी आपलीच.

आम्ही शुक्रवारी हट्ट्याला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून तो मला समजावून सांगत होते.

"पाव्हणं, तुमी शिकलेले, पण हे ध्यानात घ्या. एकाच माणसाला सलग तीन साल वस्तू देणारा मालक एक तर दानशूर असंल न्हाई तर येडा असंल. कंपनी काय दानशूर दिसत न्हाई."

"दाजी, गाडीला कूळ कायदा लागत नाही."

"कायदा मागून येतो. आधी ताबा येतो." ते लेकीकडे वळले. "सगळ्या पावत्या जपून ठेव. एक बी हरवू नको. तीन वर्षं झाल्यावर ते आले की मी बोलतो त्यांच्याशी."

"बाबा," भाची म्हणाली, "ते बोलायला येणार नाहीत. न्यायला येणार."

"हप्ते भरून?"

"हप्ते भरून."

माझी बहीण आतून चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. दाजींनी माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, तुमी कागद वाचले?"

"वाचले."

"हे लिवलंय?"

"पहिल्याच कलमात."

"आन तुमी म्हणता सौदा बराबर हाय?"

"हिशेबाने बरोबर आहे, दाजी."

त्यांनी चहा घेतला नाही. बहिणीने मला हळू आवाजात सांगितलं की पंचाईत आणखी मोठी आहे. दाजी म्हणे वस्तीवर, पारावर, दूध डेअरीत सगळीकडे सांगून आले होते, लेकीनं गाडी घेतली, आली की जेवण. ज्या माणसाने आयुष्यात मोठी वस्तू म्हणून फक्त एक बोअर घेतली, त्याने पहिल्यांदाच मोठेपणा केला होता. आता भाचीने सही केली नाही तर दाजी थापाडे ठरणार होते. सही केली तर तीन वर्षांनी, गावाच्या लेखी, त्यांच्या दारातून गाडी उचलली जाणार होती, आणि गाव म्हणणार होतं की डॉक्टरीणबाईचे हप्ते थकले. ज्यांच्या बापाने एका तुकड्यावरून उठायला नकार दिला म्हणून हे घर उभं राहिलं, त्यांच्या अंगणातून गाडी उचलली.

ओट्याच्या टोकाशी मी भाचीला म्हणालो, "तू विचारलं होतंस रास्त आहे का. पुण्यासारख्या शहरात रास्त आहे. इथे कसं आहे ते मला ठरवता येत नाही."

"नको घेऊ का?"

मला नको म्हणता आलं असतं. तशी संधी मी एरवी सोडत नाही. पण मला आरशातला तो चेहरा आठवत होता. मी म्हटलं, "तुला पाहिजे का?"

"पाहिजे," ती म्हणाली. "पण बाबांच्या डोक्यावर नको."

दाजी मधल्या वेळात शेताकडे चक्कर मारून आले. चपला झटकल्या, पाय धुतले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सही कर."

"बाबा, तुम्हाला पटत नसेल तर..."

"पटायचं मागून बघू. तू तुझ्या कमाईतून घिऊन राहिली, मी कोण न्हाई म्हणणारा? पण एक ऐक. गावाला तू काई सांगायचं न्हाई. बोलून मी बसलो, सांगन बी मीच. आन तीन सालानी न्हाई सांगणार. जेवणाच्या दिवशीच सांगन."

शनिवारी सही झाली, जास्त किलोमीटरच्या दराने. गाडी यायला काही आठवडे लागले. ती हट्ट्याला आली त्या रविवारी अंगणात मांडव होता. सकाळी बुद्धवंदना झाली. बहिणीने गाडीला हार घातला. शेजारच्या आजीने कुणाला न विचारता बॉनेटच्या कोपऱ्याला काजळाचं बोट लावलं आणि मला करारातलं ओरखड्याचं चित्र आठवलं. काजळाबद्दल त्यात काही नव्हतं. दूध डेअरीचा सचिव चार्जिंगची जागा वाकून बघत होता.

"डॉक्टरीणबाई, हिला तारंवर आकडा टाकून भरता येतंय का?"

"नका हो," भाची म्हणाली. "ती जळंल आन तुमी बी जळसाल."

मटण आणि भाकरीची पहिली पंगत बसली आणि दाजी उभे राहिले. मी त्यांना कधी चार माणसांसमोर बोलताना बघितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "ही गाडी आपली न्हाई."

पंगतीत एक प्रसन्न हुंकार उमटला.

"व्हय की," समोर बसलेला म्हातारा म्हणाला, "माझं ट्रॅक्टर तरी कुठं माझं हाय? बँकेचं हाय."

"आमची म्हैस सोसायटीची हाय."

"आन माझी बायको सासऱ्याची हाय," तिसरा म्हणाला, आणि वाढणाऱ्या बायकांतून त्याला योग्य ते उत्तर मिळालं.

माझ्या लक्षात आलं, हे अवघड होणार आहे. आमच्याकडे चांगल्या वस्तूला कुणी आपली म्हणत नाही. नवं घर बांधलं तर ते सोसायटीचं, बैलजोडी घेतली तर ती सावकाराची. म्हटलं तर विनय, म्हटलं तर दृष्ट लागू नये म्हणून. दाजी खरं बोलत होते, आणि ते वाक्य गावाने विनयापोटी इतक्यांदा वापरलं होतं की त्यात खऱ्याला जागा उरली नव्हती. उलट, गाव त्यांच्यावर खूश झालं. एवढी गाडी घेऊन माणूस चढून गेला नाही.

दाजींनी तिथे थांबायला हरकत नव्हती. सांगितलं होतं, ऐकलं नाही तो गावाचा दोष. माझ्यासारखा माणूस तिथेच बसला असता. ते बसले नाहीत.

"हसू नका," ते म्हणाले. "कंपनीची हाय. तीन सालानी माघारी नेणार हायत."

"हप्ते थकल्यावर," म्हाताऱ्याने त्यांना मदत केली.

"हप्ते भरल्यावर. सगळे भरल्यावर. मक्त्याची गाडी हाय ती. तवा तुमी म्हणसाल, हिचे हप्ते थकले म्हणून उचलली. तसं म्हणू नका. आजच सांगून राहिलो."

आता पंगतीत भाकरी मोडायचं थांबलं. डेअरीच्या सचिवाने माझ्याकडे वळून विचारलं, "पाव्हणं, कागद तुमी वाचले म्हणं?"

"वाचले."

"फसवलं तर न्हाई ना पोरीला?"

"नाही. सौदा रास्त आहे."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू एवढं शिकून हा माणूस वाया गेला. गावाच्या डोळ्यांपुढे आता एकच प्रश्न होता, आणि तो काजळवाल्या आजीने विचारला. तिने तो मला विचारला नाही, दाजींनाही नाही. भाची भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती, तिला विचारला.

"सगळे पैसे भरायचे आन माघारी द्यायची. मंग घेतली काहून गं बाई?"

भाचीजवळ बरीच उत्तरं होती. जुन्या बॅटरीचा भाव, व्याज, विमा, मी सगळं तिला समजावून दिलं होतं. तिने त्यातलं एकही काढलं नाही.

"आवडली, आजी."

"किती आवडली?"

"लई."

दाजी अजून उभेच होते. आजीने हात धुतले, गुडघ्यावर जोर देऊन ती उठली, गाडीपाशी गेली आणि तिने काचेला डोळे लावून आत बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग मला बसव आधी. तीन साल मी काय थांबत न्हाई."

पहिले हसले ते दाजी. मागून सगळी पंगत हसली. आजीला पुढच्या सीटवर बसवलं, भाचीने तिला पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणलं. मग दुसरी पंगत बसेपर्यंत फेऱ्याच चालू राहिल्या. कुणी वापरणं आणि मालकी यावर बोललं नाही. एकाने एवढंच विचारलं की तीन सालांत लग्नाची वरात बसते का, आणि भाचीने सांगितलं की बसते, पण लवकर जमवा.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. गाडी परत द्यायला अजून वेळ आहे. आजी आहे. ती अधूनमधून बसते. मी गेल्या महिन्यात हट्ट्याला गेलो तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हणं, कागदात एक बघायचं राहिलं."

"काय?"

"माघारी द्यायची तर त्यांनी यायचं का आपण जायचं?"

मी सांगितलं, दोन्ही चालतं.

"मंग आपण जायचं. ते आले म्हणजे उचलली, आपण गेलो म्हणजे दिली. मी सोबत जाईन. धुऊन नेऊ." मग त्यांना आणखी एक आठवलं. "आन रिकामी कशी द्यायची? शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी माघारी देत न्हाई. डिक्कीत पोतंभर हळद टाकू घरची. त्या शोरूमच्या पोराला देऊ."

मी घरी येऊन करार पुन्हा काढला. शेवटच्या पानावर लिहिलं आहे की परत करतेवेळी गाडीत ग्राहकाची कोणतीही वस्तू राहू नये. मी ते दाजींना अजून सांगितलेलं नाही. पोतं भेट म्हणून दिलं की ते ग्राहकाचं राहत नाही, असा एक मुद्दा मी तयार करून ठेवला आहे.